चूल, वैल आणि धुरांडं : नव्याने चूल सांभाळणाऱ्यांसाठी

गावच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आमचं स्वयंपाकघर धुराने इतकं भरायचं की भात चुलीवर ठेवून पडवीत येऊन बसावं लागे. चूल जुनी झाली, नवी घाला, असं दोघातिघांनी सांगितलं. गवंड्याशी बोलणंही झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी वैलावरचं (चुलीला जोडून असलेल्या दुसऱ्या भोकावरचं) पातेलं उचललं, आतल्या बोगद्यात हात घातला आणि मूठभर काजळी बाहेर काढली. "चुलीला काय झालंय? नाक चोंदलंय तिचं," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी चूल राखायला शिकले. संगमेश्वर तालुक्यातल्या (जि. रत्नागिरी) आमच्या घरात आता गॅसही आहे, पण भात, आंघोळीचं पाणी आणि पावसाळ्यातलं बरंचसं रांधणं चुलीवरच होतं. होमस्टे सुरू करणारे, नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले, सासरी पहिल्यांदाच चुलीसमोर बसलेले असे बरेच जण हल्ली मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. चुलीला लाकूड जितकं गरजेचं, तितकीच हवाही गरजेची. हवा तोंडातून आत जाते आणि धूर होऊन वर जातो. त्या वाटेत राख, काजळी किंवा ओल आली की चूल धुमसते. पुढचं सगळं काम ही वाट मोकळी ठेवण्याचंच आहे.

लागणारं साहित्य

- लोखंडी घमेलं आणि त्यावर बसेल असं पत्र्याचं झाकण (प्लास्टिकची बादली अजिबात नको)
- राख ओढायला लांब दांड्याचं उलथनं किंवा पत्र्याचा तुकडा, चिमटा, फुंकणी
- जुन्या सुती धोतराचं किंवा लुगड्याचं पोतेरं
- वारुळाची किंवा चाळलेली तांबडी माती, ताजं शेण, भाताचं तूस
- धुरांड्यासाठी लवचिक बांबूची काठी, नारळाचा काथ्या, सुंभ किंवा दोरी, दोन गोणपाटं
- नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातमोजे

१. आपली चूल कोणत्या जातीची आहे ते बघा

साधी चूल म्हणजे समोर तोंड, वर भांडं टेकायला तीन उंचवटे आणि बाजूला किंवा मागे वैल. धूर वर कौलांतून निघून जातो. दुसरी निर्धूर चूल. १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या सुधारित चूल कार्यक्रमात गावोगाव अशा चुली बसवल्या गेल्या. तो कार्यक्रम २००२ मध्ये थांबला, तरी चुली पुष्कळ घरांत अजून आहेत, आणि ज्यांना घालता येतात ती माणसंही आहेत. हिच्यात दोन भांड्यांची भोकं एका बोगद्याने जोडलेली असतात. जाळ पहिल्या भांड्याखाली, गरम धूर बोगद्यातून दुसऱ्या भांड्याखाली आणि तिथून धुरांड्यात.

निर्धूर चुलीत नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे दुसरं भोक उघडं ठेवणं. "वैलावर आज काही नाही" म्हणून ते तसंच सोडलं, तर धुरांडं चुलीतली हवा ओढायची सोडून त्या भोकातून घरातलीच हवा ओढतं. पुढे जाळ मरतो आणि धूर तोंडातून बाहेर येतो. त्यावर पाण्याचं पातेलं तरी ठेवा, नाहीतर घट्ट बसणारं झाकण. भांडंही भोकात नीट बसणारं हवं. लहान बुडाचं भांडं ठेवून कडेने फट राहिली तर तोच प्रकार होतो.

२. राख : रोज सकाळी, चूल निवलेली असताना

रात्रीची राख सकाळी ओढायची. सगळी खरवडून काढू नका, तळाला बोटभर थर राहू द्या. त्या थरात निखारे टिकतात आणि तळाची माती थेट जाळापासून वाचते. चुलीत लोखंडी जाळी असेल तर तिच्याखालचा कप्पा मात्र पूर्ण रिकामा करा, कारण हवा तिथूनच येते.

आता जे सांगते ते मनावर घ्या. राख वरून थंडगार लागली तरी आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. मी एकदा सकाळची राख तशीच पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि खड्डा पेटला. जवळच गवताची उडवी होती. शेजारच्या मुलांनी पाहिलं म्हणून वाचलो. तेव्हापासून राख लोखंडी घमेल्यात भरते, वर झाकण घालते आणि घमेलं भिंतीपासून दूर, उघड्यावर चिऱ्यावर दोन दिवस ठेवते. मगच ती वापरायची.

गरम चुलीत पाणी ओतून ती विझवू नका. तापलेली माती एकदम आकसते आणि तडकते, शिवाय वाफेबरोबर उडालेली गरम राख तोंडावर येते. लाकडं मागे ओढा, निखारे राखेत दाबा, चूल आपोआप शांत होते.

चाळलेली राख पितळेच्या भांड्यांना चिंचेबरोबर चालते. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना ओली राख लावून ठेवू नका. राखेतल्या क्षाराने त्यांना खड्डे पडतात, आणि आपल्या हातांची सालंही निघतात. कडधान्यात मिसळायला, वांग्यावरच्या मावा किडीवर सकाळी दवात धुरळायला, आपल्या आंबट तांबड्या मातीत थोडी थोडी टाकायला राख उत्तम. मात्र रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जळलेली राख यातल्या कशालाच वापरू नका.

३. सारवण

चूल पूर्ण गार असताना, सकाळी, राख काढून झाल्यावर. मी दोन भाग चाळलेली माती आणि एक भाग शेण घेते, पाणी घालून दाट ताकासारखं करते. पोतेरं त्यात बुडवून, थोडं पिळून, एका दिशेने ओढायचं. बाहेरच्या अंगाला शेणमाती, जाळाच्या आतल्या अंगाला मात्र नुसती माती. आत शेण लावलं तर ते जळतं आणि त्या जागी माती पोकळ होऊन सुटते.

थर पातळ हवा. लवकर छान दिसावी म्हणून जाड थर दिला की चार दिवसांत पोपडे धरतात आणि आमटीत पडतात. रोज नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा केलं तरी चालतं. सारवल्यावर वर्तमानपत्र वाचून होईल इतका वेळ ती वाळू द्या, मग विस्तव घाला.

कितीतरी नव्या घरांत चुलीला सिमेंटचा गिलावा किंवा फरशी लावलेली दिसते. दिसायला स्वच्छ, पण माती आणि सिमेंट तापल्यावर सारखे फुगत नाहीत. काही महिन्यांत गिलावा सुटतो, त्यामागे फट पडते, आणि फटीतून धूर येतो तेव्हा तो कुठून येतोय हेच कळत नाही. ओटा हवा तर सिमेंटचा करा, चूल मातीचीच राहू द्या.

४. भेगा बुजवणं

केसासारख्या भेगा पडणारच, त्या पुढच्या सारवणात जातात. नख आत जाईल इतकी भेग असेल तर तिच्याकडे बघायला हवं.

माती आधी तपासा. ओल्या मातीचा लाडू वळून सावलीत वाळवा. तडकला तर माती फार चिकट आहे, तूस वाढवा. बोटाने चुरला गेला तर वाळू जास्त आहे, दुसरी माती शोधा. वारुळाची माती बहुधा पहिल्याच परीक्षेत पास होते. तीन भाग माती, एक भाग तूस, मूठ-दोन मूठ शेण, पाणी घालून पायाने तुडवा आणि ओल्या गोणपाटाखाली तीन-चार दिवस मुरू द्या. ही मुरवण चुकवू नका. ताजी माती लावली की ती वाळताना आकसते आणि भेग पुन्हा तिथेच उघडते.

भेग चाकूने थोडी रुंद करा, आतली काजळी खरवडून काढा, कारण काजळीवर माती धरत नाही. मग पाणी शिंपडून जुनी माती ओली करा. कोरडी चूल नव्या मातीतलं पाणी शोषून घेते आणि भरलेला भाग खपलीसारखा निघून येतो. भरण दोनदा करा : आज अर्धी, उद्या वरची. दोन-तीन दिवस सावलीत वाळलं की पहिला विस्तव काटक्यांचा, अगदी मंद. त्या दिवशी त्यावर फक्त चहा करा. पहिल्याच दिवशी ओंडके घातले तर आत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि माती फुटते.

वरचे तीन उंचवटेही बघा. ते झिजून सपाट झाले की पातेलं चुलीच्या कडेला टेकतं, जाळ गुदमरतो आणि भांड्याला मस (काजळी) जास्त धरते. पातेल्याच्या बुडाखाली बोटभर जागा दिसेपर्यंत ते पुन्हा उचला. चुलीत नदीतला ओला गोटा आधाराला ठेवू नका, तापल्यावर तो फुटून उडतो.

५. धुरांडं

बहुतेक घरांत हे काम वर्षानुवर्षं कोणी केलेलं नसतं, आणि सगळ्यात मोठा धोकाही इथेच असतो.

लाकूड पूर्ण जळलं तर वर जाणाऱ्या धुरात फारसं काही उरत नाही. ओलं लाकूड धुमसतं, त्याचा अर्धवट जळलेला धूर थंड पाइपाला लागतो आणि तिथे गोठतो. पाइपात बोट फिरवून बघा. भुसभुशीत काळी पूड निघाली तर ठीक, ती झाडून जाते. खपल्या निघाल्या तर साफसफाईला उशीर झालाय. काळं, चकचकीत, डांबरासारखं चिकटलेलं किटण दिसलं तर चूल त्याच दिवशी बंद ठेवा. ते किटण स्वतःच जळण आहे. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की ते पाइपाच्या आत पेट घेतं.

साफ करायचा क्रम :

चूल आदल्या रात्रीपासून बंद. भांडी काढा, दोन्ही भोकं आणि तोंड ओल्या गोणपाटाने झाका, नाहीतर काजळी सगळ्या माजघरभर होते. मास्क आणि चष्मा लावा. बांबूच्या टोकाला काथ्याचा गोळा घट्ट बांधा, पाइपाच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा. पाइपाला खाली टोपण असलेला जोड असेल तर तिथून वर सारत जा. नसेल तर वरून दोरीला काथ्याचा गोळा आणि त्याखाली दगड बांधून सोडा आणि वरखाली ओढा. मग गोणपाट काढून बोगद्यात आणि वैलाखाली साठलेली काजळी हाताने काढा. लोक पाइप साफ करतात आणि बोगदा विसरतात. आमच्याकडचा सगळा धूर तिथेच अडकला होता.

कौलांवर पाय ठेवून चढू नका. शेवाळलेलं कौल पायाखाली कधी सरकेल सांगता येत नाही. खाली टोपणाचा जोड बसवून घेतला की वर जायची गरजच उरत नाही. हा खर्च जरूर करा.

आणखी एक इशारा जुन्या चुलींसाठी. राखाडी रंगाचा, सिमेंटसारखा दिसणारा जुना पाइप अॅस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता मोठी. तो कापू नका, भोक पाडू नका, कोरडा खरवडू नका. त्याचे तंतू छातीत गेले तर वर्षांनी आजार होतात. धड असेल तर आत मऊ काथ्या ओला करून हलक्या हाताने फिरवा. तडा गेला असेल तर न फोडता, ओला करून, अख्खा उतरवून घ्या आणि पत्र्याचा पाइप बसवा.

पत्र्याच्या पाइपाला गंज लागतो. बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज खणखणीत हवा; भद्द आला किंवा पत्रा दबला तर तो भाग बदला. पाइप छपरातून जातो तिथे वासा किंवा रीप त्याला टेकलेली नसावी. चूल तासभर पेटल्यावर जवळच्या लाकडावर तळहात ठेवा. हात ठेववत नसेल तर ते लाकूड मागे घ्यायलाच हवं. वरची टोपी शाबूत आहे ना, तिच्याखाली पाखराचं घरटं नाही ना, हेही बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत साध्या चुलीवर भागवा.

किती वेळा? रोज चूल पेटत असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी.

पाइपातून घोंघावल्यासारखा आवाज आला, पाइप लाल दिसू लागला, वरून ठिणग्या उडाल्या तर आत आग लागली आहे. सगळ्यांना बाहेर काढा. जमलं तर चुलीचं तोंड आणि भोकं पत्र्याने किंवा ओल्या मातीने बंद करा, म्हणजे हवा तुटते. तापलेल्या पाइपात पाणी ओतू नका. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या वाशांवर. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१, आणि ११२ वरूनही मदत मिळते.

६. तरीही धूर घरात येतोय?

या क्रमाने तपासा : वैलावर झाकण आहे का, लाकूड ओलं आहे का, तोंडात लाकडं कोंबली आहेत का, बोगदा मोकळा आहे का, पाइप आणि टोपी मोकळी आहे का. नवी चूल घालायचा विचार हे सगळं बघून झाल्यावरच.

फक्त पेटवतानाच धूर येत असेल तर पाइपात थंड हवा बसून राहिलेली असते. झावळीचं एक वाळकं पातं पेटवून वैलाच्या भोकातून पाइपाच्या तळाशी क्षणभर धरा. हवा तापून वर चढली की ओढ सुरू होते, मग चूल पेटवा. वारा सुटल्यावरच धूर उलटा येत असेल तर पाइपाचं टोक आढ्याच्या (छपराच्या सगळ्यात उंच कडेच्या) खाली राहिलेलं असतं. ते आढ्याच्या वर दोन-तीन फूट न्या.

धूर येतो म्हणून चुलीच्या खोलीची खिडकी बंद करू नका. आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

७. सरपण

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते उडवण्यातच जाळ खर्च होतो. चांगलं वाळलेलं लाकूड हाताला हलकं लागतं, टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टण्ण वाजतात. मनगटाएवढे फोडून वाळवा. अख्खा ओंडका उन्हाळाभर उन्हात पडला तरी आत ओलाच असतो.

रचताना खाली दोन चिरे आणि त्यावर आडवे वासे टाका, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. फक्त माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री घाला. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच राहते आणि लाकडाला बुरशी येते. पेटवणीला सोडणं (नारळाची वाळकी सालं), करवंट्या, झावळ्यांच्या चुडी यांच्यासारखं दुसरं काही नाही. त्या कोरड्या जागी वेगळ्या ठेवा.

चुलीत काय घालू नये : कण्हेर आणि बिब्बा (दोन्हींचा धूर बाधतो), काजूच्या बियांची टरफलं, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, प्लास्टिक. पेटवायला रॉकेलही नको.

सरपणाच्या रचीत उघडा हात घालू नका. आमच्या जिल्ह्यात फुरसं आणि विंचू अशा जागीच सापडतात. आधी काठीने वाजवा, हातमोजे घाला, आणि संध्याकाळनंतर लागणारं लाकूड दिवसाच आत आणून ठेवा.

कागदपत्रांचं एकच लक्षात घ्या. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे ठरावीक जातींची झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, खैर, आंबा, फणस ही त्यातली. तोडण्याआधी सातबारा घेऊन वन विभागाच्या कार्यालयात विचारून या. वठलेल्या फांद्या, झावळ्या आणि बागेच्या छाटणीवर चार माणसांच्या घराचं बरंचसं भागतं.

८. न्हाणीतला बंब

तांब्याचा बंब असेल तर एकच नियम कधी मोडू नका : आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब तापला की डाग दिलेले सांधे वितळतात आणि तो गळू लागतो. मधल्या नळीत काजळी धरते, ती आठवड्याने काथ्या फिरवून काढा. विहिरीचं पाणी जड असेल तर आत पांढरा थर बसतो आणि तोटी अडते. चिंचेचं दाट पाणी रात्रभर भरून ठेवा, सकाळी हलवून ओतून द्या, दोनदा साध्या पाण्याने विसळा. बाहेरून चिंच किंवा आमसूल आणि मीठ.

९. घर बंद करून जाताना

मुंबईला परतणाऱ्यांची चूल वापराने कमी आणि बंद राहून जास्त खराब होते. जाताना राख पूर्ण काढा, कारण राख हवेतली ओल धरते आणि तळ भिजवते. धुरांडं झाडून घ्या, भोकांवर झाकणं ठेवा, टोपीला जाळी लावा. पाइप छपरातून जिथे जातो तिथली फट मे महिन्यातच बघा. मृगाचा पहिला पाऊस तिथूनच चुलीवर उतरतो.

परत आल्यावर, गणपतीला आलात तरीसुद्धा, उकडीच्या मोदकांचं भांडं लगेच चढवू नका. आधी टॉर्च लावून आत बघा : पाल, विंचू, उंदराचं बीळ, घरटं. मग अर्धा तास काटक्यांचा मंद जाळ करा. चुलीच्या अंगावर ओलीचे काळे डाग दिसत असतील तर ते फिके होईपर्यंत तेवढाच जाळ ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सारवून घ्या.